लाल भोपळा की आंबा-पपई? पोषण, साठवण आणि वापराचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. थंड देशांत बटरनट, एकॉर्न, काबोचा असे टणक सालीचे भोपळे थंडीभर स्वस्त मिळतात. आपल्याकडे लाल भोपळा वर्षभर असतो. दुसऱ्या बाजूला आंबा, पपई, केळं, अननस, फणस ही उष्ण प्रदेशातली फळं. दोन्हींचा गर पिवळा-केशरी आणि चव गोडसर. मग पोषणासाठी एकाच्या जागी दुसरं चालेल का? घरातल्या मधुमेही माणसाला काय द्यावं? आणि भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, तर आंबा चार दिवसांत का उतरतो?

आधी निकाल सांगतो. अ जीवनसत्त्वासाठी केशरी गराचा भोपळा, क जीवनसत्त्व आणि फोलेटसाठी (ब गटातलं एक जीवनसत्त्व) फळं. एकाची उणीव दुसरं भरून काढत नाही. मधुमेहात भोपळा उगाच बदनाम झाला आहे. मात्र ‘भोपळा’ आणि ‘फळ’ हे दोन्ही गट आतून फार विस्कळीत आहेत. नेमकी कोणती जात ताटात आहे, ती किती तयार झालेली आहे आणि कशी शिजवली, यावर आकडे कित्येक पटींनी बदलतात.

टणक सालीचे भोपळे मुख्यतः कुकुर्बिटा या वंशाच्या तीन जातींतून येतात. आपला बाजारातला लाल भोपळा (कुठे डांगर, कुठे काशीफळ, विदर्भात कोहळं) बहुतेक वेळा मोस्काटा जातीचा असतो आणि बटरनटही त्याच जातीचा. म्हणजे परदेशात बटरनट घेणारा माणूस आपल्या भोपळ्याचा सख्खा भाऊच घेतो. काबोचा, हबर्ड आणि काही मोठे भोपळे मॅक्झिमा जातीचे. एकॉर्न, स्पॅगेटी आणि शिवाय कोवळी खाल्ली जाणारी झुकिनी या पेपो जातीच्या. तिन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. गंमत अशी की ज्यांना आपण अगदी ‘आपली’ फळं समजतो त्यांतली पपई, अननस, पेरू आणि चिकूही तिकडचीच. आंबा आणि फणस मात्र इकडचे.

फरक शेतातल्या कामापासून सुरू होतो. झुकिनी बी धरण्याआधी तोडतात. टणक सालीचा भोपळा वेलावर पूर्ण तयार होऊ देतात, म्हणजे साल कडक, बी भरलेलं, देठ सुकून खरखरीत. त्याच्या गरात ऊर्जा साठते ती बऱ्याच अंशी पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात. आंबा आणि केळं तोडताना कच्ची असतात आणि पिकताना आपल्या हातात येईपर्यंत त्यांच्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते. हिरव्या केळ्यात साधारण वीस टक्के पिष्ट असतं, पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्के उरतं. म्हणून फळाची बहुतेक ऊर्जा थेट साखरेची. भोपळ्याची ऊर्जा आधीच कमी, त्यातही थोडी साखर, थोडं पिष्ट.

आता आकडे. हे खाण्याजोग्या 100 ग्रॅम न शिजवलेल्या गराचे आहेत, अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांतले. अ जीवनसत्त्व रेटिनॉल समतुल्य मायक्रोग्रॅममध्ये दिलं आहे.

साधा केशरी भोपळा: 26 कॅलरी, कर्बोदकं 6.5 ग्रॅम, अ 426, क 9 मि.ग्रॅ., पोटॅशियम 340 मि.ग्रॅ.
बटरनट: 45 कॅलरी, कर्बोदकं 11.7, तंतू 2, अ 532, क 21, पोटॅशियम 352.
एकॉर्न: 40 कॅलरी, कर्बोदकं 10.4, अ फक्त 18, क 11, पोटॅशियम 347.
आंबा: 60 कॅलरी, कर्बोदकं 15 (त्यात साखर 13.7), अ 54, क 36, पोटॅशियम 168.
पपई: 43 कॅलरी, कर्बोदकं 10.8, अ 47, क 61, पोटॅशियम 182.
केळं: 89 कॅलरी, कर्बोदकं 22.8, अ 3, क 9, पोटॅशियम 358.
अननस: 50 कॅलरी, कर्बोदकं 13, अ 3, क 48.
पिकलेला फणस: 95 कॅलरी, साखर 19, अ 5, क 14.

एकॉर्नची ओळ पुन्हा वाचा. बटरनटमध्ये अ जीवनसत्त्व 532 आणि एकॉर्नमध्ये 18, म्हणजे जवळजवळ तीस पट फरक. स्पॅगेटी भोपळ्यात तर ते जेमतेम 6. त्यामुळे ‘भोपळ्यात भरपूर अ जीवनसत्त्व’ हे वाक्य सगळ्या भोपळ्यांना लागू करणं चूक आहे. गर फिकट पिवळा असेल तर कॅरोटीनची (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं त्या केशरी रंगद्रव्याची) फार अपेक्षा ठेवू नका, गडद केशरी असेल तर ठेवा. आपल्याकडचा लाल भोपळा चिरलेला मिळतो याचा हा एक मोठा फायदा: गर दिसतो. पिवळट, पाणचट फोड आणि गडद केशरी, घट्ट फोड एकाच भावात असतील तर दुसरी घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का चंदन’ हा वाण लहान, दोन-तीन किलोच्या फळाचा आणि गडद गराचा आहे. परसबागेत लावायचा असेल तर असा वाण निवडा. छोट्या कुटुंबाला दहा किलोचा भोपळा संपवणं हीच शिक्षा होते.

फळांत मात्र रंगावर इतका भरवसा ठेवता येत नाही. अननसाचा गर छान पिवळा असतो आणि अ जीवनसत्त्व जवळपास नसतं. ‘रेड लेडी’सारख्या तांबड्या गराच्या पपईचा रंग मुख्यतः लायकोपिन या तांबड्या रंगद्रव्याचा असतो. त्याचे वेगळे उपयोग असतील, पण शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही. आंब्यात बीटा कॅरोटीन असतं आणि जातीनुसार बरंच बदलतं. वरच्या तक्त्यातला आंबा अमेरिकी बाजारात विकला जाणारा आहे. हापूससारख्या केशरी गराच्या आंब्यात कॅरोटीन त्याहून जास्त असतं. तरीही गडद भोपळ्याला तो गाठत नाही. तक्त्याच्याच हिशोबाने 100 ग्रॅम बटरनटइतकं अ जीवनसत्त्व आंब्यातून हवं असेल तर जवळजवळ एक किलो गर खावा लागेल. भोपळ्याच्या 45 कॅलरींच्या जागी सुमारे 590 कॅलरी.

इथे एक खाचखळगा आहे. वनस्पतीतून अ जीवनसत्त्व येत नाही, कॅरोटीन येतं आणि शरीर त्याचं रूपांतर करतं. काही तक्ते सहा मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे एक मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व धरतात, काही बारा. त्यामुळे दोन पुस्तकांत एकाच भोपळ्याचे आकडे दुपटीने वेगळे दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात. तुलना करायची ती एकाच तक्त्यात. शिवाय मोस्काटा भोपळ्यात अल्फा कॅरोटीन आणि बीटा क्रिप्टोझँथिन हेही असतात. त्यांचं रूपांतर बीटा कॅरोटीनच्या निम्म्याने होतं, पण होतं. कुठल्या तरी लेखात फक्त बीटा कॅरोटीनचा आकडा दिला असेल तर भोपळ्याची बाजू कमी मोजली गेली असं समजा.

रूपांतराआधी शोषण. कॅरोटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही, आणि कच्च्या भाजीत ते पेशीभिंतींच्या आत अडकलेलं असतं. भोपळा शिजवून मऊ केला की त्या भिंती तुटतात. त्याच जेवणात चार-पाच ग्रॅम स्निग्ध पदार्थ, म्हणजे एक चमचा तेल किंवा तूप, असला की काम भागतं. तेलावर मोहरी-मेथीदाणे-हिंगाची फोडणी देऊन, वर ओलं खोबरं घातलेली भोपळ्याची भाजी या दृष्टीने अगदी योग्य रचना आहे. उलट ‘डाएट’ म्हणून बिनतेलाचं, नुसतं मीठ-मिरी घातलेलं भोपळ्याचं सूप प्यायचं आणि जेवणात दुसरं कसलंच स्निग्ध नाही, यात कॅरोटीनचा मोठा भाग वाया जातो. पिकलेल्या आंब्या-पपईत मात्र कॅरोटीन आधीच तेलकट सूक्ष्म थेंबांत किंवा द्रवस्फटिक रूपात असतं. म्हणून कच्चं खाल्लं तरी ते बऱ्यापैकी शोषलं जातं. पपईतलं बीटा कॅरोटीन कच्च्या गाजरातल्यापेक्षा नक्कीच सहज मिळतं. म्हणजे आकड्यांत भोपळा दहापट पुढे दिसला तरी प्रत्यक्षात अंतर थोडं कमी होतं. पण मिटत नाही.

आता ताटातला हिशोब करू, कारण 100 ग्रॅम कोणी मोजून खात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीला दिवसाला अ जीवनसत्त्व 840 मायक्रोग्रॅम, पुरुषाला 1000. क जीवनसत्त्व स्त्रीला 65 मि.ग्रॅ., पुरुषाला 80. ओव्हनमध्ये भाजलेला बटरनट 150 ग्रॅम खाल्ला तर अ जीवनसत्त्व सुमारे 835 मायक्रोग्रॅम, म्हणजे स्त्रीची दिवसाची गरज जवळपास पूर्ण. त्याच 150 ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व मात्र 22-23 मि.ग्रॅ. साधा भोपळा पाण्यात उकडला तर त्यातलं क निम्म्यावर येतं. 150 ग्रॅम पपईतून क 90 मि.ग्रॅ.च्या वर मिळतं, कोणाचीही दिवसाची गरज भागते, पण अ जीवनसत्त्व सत्तरच्या आसपास. फोलेटमध्येही फळं पुढे: आंब्यात 100 ग्रॅमला 43 मायक्रोग्रॅम, पपईत 37, बटरनटमध्ये 27, साध्या भोपळ्यात 16. पपई आणि आंबा दोन्ही महाग वाटत असतील तर पेरू घ्या. त्यात 100 ग्रॅमला क जीवनसत्त्व 228 मि.ग्रॅ. आणि तंतू 5 ग्रॅमच्या वर, या बाबतीत वरचं एकही फळ त्याच्या जवळ जात नाही. ब-6 साठी केळं, मँगनीजसाठी अननस. हे दोन मुद्दे खरे आहेत, पण त्यासाठी मुद्दाम आहार बदलावा इतके मोठे नाहीत.

भाव तोलताना वाया जाणारा भागही धरा. बटरनटचा साल-बीसह सुमारे सहावा हिस्सा जातो, आंब्याचा साधारण तीस टक्के, केळ्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, अननसाचा जवळजवळ निम्मा आणि फणसाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. फणसाच्या आठळ्या उकडून खाल्ल्या तर हा हिशोब सुधारतो. भोपळ्याच्या बियांचंही तेच. सोललेल्या मगजात 100 ग्रॅमला 30 ग्रॅम प्रथिनं आणि साडेसात मि.ग्रॅ.च्या वर जस्त असतं. बिया धुऊन, दोन दिवस वाळवून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. ओल्या बिया सरळ कढईत टाकल्या तर साल करपते आणि आतलं मगज चिवट राहतं. एका वेळी दोन चमचे पुरे, कारण 100 ग्रॅम मगजात 550 च्या वर कॅलरी असतात.

मधुमेहाचा प्रश्न. भोपळा बंद करण्याचं कारण असं सांगतात की त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते ते सांगणारा आकडा) 75 आहे आणि केळ्या-आंब्याचा 50 च्या आसपास, म्हणजे भोपळा जास्त वाईट. आकडा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. हा इंडेक्स काढताना त्या पदार्थातली 50 ग्रॅम कर्बोदकं खायला देतात. साध्या भोपळ्यातून 50 ग्रॅम कर्बोदकं मिळवायची तर पाऊण किलोहून जास्त गर खावा लागतो, तोही एका बैठकीत. खरा उपयोगी आकडा म्हणजे ग्लायसेमिक लोड: इंडेक्स गुणिले प्रत्यक्ष खाल्लेली कर्बोदकं, भागिले शंभर. तंतू वजा करून एक वाटी भाजीतल्या 120 ग्रॅम भोपळ्यात 7 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, लोड साडेपाचच्या आत. मध्यम हापूसचा 160 ग्रॅम गर म्हणजे लोड सुमारे 11. मध्यम आकाराचं एक केळं, 12. दहाच्या आत कमी, वीसच्या वर जास्त असं साधारण धरतात. दोन वाट्या आमरस, समजा 300 ग्रॅम गर, साखर न घालतासुद्धा वीसच्या घरात जातो, आणि सोबत पुऱ्या असतातच.

म्हणजे भोपळ्याची भाजी चालते, एवढंच नाही, ती पोळी-भाताची जागा थोडी खाऊ शकते. पण दोन अटी. गूळ घातलेली भाजी, घारगे आणि खीर या हिशोबात बसत नाहीत. घारग्यांत दोन वाट्या भोपळ्याच्या किसाला एक वाटी गूळ आणि दोन-अडीच वाट्या कणीक जाते. ते भोपळ्याचं नाव असलेलं कणीक-गुळाचं पक्वान्न आहे, त्याचा आनंद त्याच नावाने घ्यावा. दुसरी अट काबोचासारख्या कोरड्या, पिठूळ भोपळ्यांसाठी. त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त, म्हणून तिथे एका वाटीचं प्रमाण कसोशीने पाळा आणि ताटातला भात तेवढा कमी करा. फळ बंद करण्याचीही गरज नाही. 100 ग्रॅम पपई किंवा अर्धा आंबा, जेवणावर न खाता दोन जेवणांच्या मधे, चावून, रस न करता. औषधांच्या मात्रेप्रमाणे हे प्रत्येकाला थोडं बदलतं, ते ग्लुकोमीटरवर दोन तासांनी दिसतं.

आता टिकण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त माल इथेच फुकट जातो.

आंबा, केळं, पपई, चिकू, फणस ही फळं तोडल्यावरही पिकतात. त्यांच्यात एका टप्प्यावर इथिलीन वायू झपाट्याने तयार होतो, श्वसन वाढतं, पेशीभिंती मऊ करणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात, पिष्ट असेल त्याची साखर होते, आणि ही गाडी मधे थांबवता येत नाही. भोपळ्यात पिकण्याचा असा उसळता टप्पा नाही. श्वसन मंद, सालीवर मेणाचा थर, आत पिष्टाचा साठा. तो हळूहळू साखरेत बदलत राहतो. म्हणूनच काबोचा तोडल्या तोडल्या पिठूळ आणि बेचव लागतो, तीन-चार आठवड्यांनी गोड होतो. बटरनटमध्ये साठवणीत कॅरोटीनही काही काळ वाढतं. ठेवून चांगली होणारी भाजी विरळाच. पण मर्यादा आहे: पिष्ट संपत आलं की गर पाणचट आणि दोरेदार होतो.

शेतातून किंवा परसातून भोपळा काढणार असाल तर देठ पाच सेंटीमीटर ठेवून कात्रीने कापा. देठ पकडून भोपळा उचलू नका. देठ तुटला की तिथे उघडी जखम होते आणि बुरशी तिथूनच शिरते. मग 25 ते 29 अंश तापमानात, हवेशीर सावलीत, दहा-चौदा दिवस एका थरात ठेवा. या काळात साल आणखी कडक होते आणि ओरखड्यांवर बुचासारखा थर धरतो. एकॉर्नला मात्र ही प्रक्रिया करू नका. त्याची प्रत उलट घसरते. नंतरची साठवण 10 ते 13 अंशांवर, 50 ते 70 टक्के आर्द्रतेत. अशा स्थितीत एकॉर्न पाच-आठ आठवडे, बटरनट दोन-तीन महिने, हबर्ड पाच-सहा महिने टिकतो. परदेशातल्या घरांत गॅरेज किंवा तळघराचा थंड कोपरा याला योग्य, पण गोठणबिंदूजवळ जाणारं गॅरेज नाही. महाराष्ट्रातल्या घरात इतकं थंड काही नसतं. माळ्यावर पेंढ्यावर किंवा शिंक्यात टांगून ठेवलेला पक्का भोपळा महिना-दोन महिने सहज निघतो, फक्त भिंतीला किंवा ओल्या फरशीला टेकू देऊ नका.

अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक. दहा अंशांखाली काही आठवडे राहिला की थंडीने पेशी दुखावतात. सालीवर खड्डे पडतात, बाहेर काढल्यावर भराभर सडतो. कापलेल्या फोडीला मात्र फ्रिजच हवा. आधी बिया आणि जाळी चमच्याने खरवडून काढा, कारण बुळबुळीतपणा आणि वास तिथूनच सुरू होतो. कापलेली बाजू झाकून चार-पाच दिवस. केळं 13 अंशांखाली काळं पडतं, कच्चा आंबा 12-13 अंशांखाली नीट पिकतच नाही. म्हणून आंबा आधी बाहेर पिकवा, मग फ्रिजमध्ये दोन-चार दिवस. आणि भोपळे कधीही पिकणाऱ्या आंब्यांच्या पेटीशेजारी किंवा सफरचंदांजवळ ठेवू नका. त्यांच्या इथिलीनने हिरव्या सालीचे भोपळे पिवळे पडतात आणि देठ गळून येतो.

अननस या सगळ्यात वेगळा आहे. त्यात साखर बनवायला पिष्टाचा साठा नाही, म्हणून तोडल्यावर तो गोड होत नाही, फक्त मऊ आणि जुना होतो. तळाकडून पिवळेपणा चढलेला आणि तळाशी गोड वास येणारा घ्या. पपईवर किमान एक पिवळी रेघ उमटलेली हवी. ठार हिरवी तोडलेली पपई नरम पडते पण गोड होत नाही. आंब्यासाठी बाजारात अजूनही कॅल्शियम कार्बाइडची पुडी सापडते. त्याला भारतात बंदी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100) वापरायला परवानगी दिली आहे, आणि तो झाडाच्या नैसर्गिक वायूसारखाच काम करतो. ‘गॅसने पिकवलेला’ म्हणजे वाईटच, असं नाही. वाईट असतो तो कोवळा तोडून रंग आणलेला.

अख्खा भोपळा निवडताना नख रुतवून पाहा: साल सहज कापली गेली तर तो कोवळा आहे, कॅरोटीन आणि गोडी दोन्ही कमी. जमिनीला टेकलेला डाग पांढरट-हिरवा नसून गडद पिवळा किंवा नारिंगी हवा. चकचकीत सालीपेक्षा निस्तेज, मेणचट साल बरी. आकाराच्या मानाने जड हवा.

शिजवताना सगळ्यात जास्त तक्रार पाणचटपणाची असते. भोपळ्यात 86 ते 92 टक्के पाणी असतं. त्यात आणखी पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या तर लगदाच होणार. भाजीसाठी तीन सेंटीमीटरच्या फोडी सालासकट ठेवा, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर दहा-बारा मिनिटं, मीठ शेवटी. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं. भरितासाठी किंवा प्युरीसाठी बटरनट उभा चिरून, कापलेल्या बाजूला तेल लावून, ती बाजू खाली करून, 200 अंशांवर 40 ते 50 मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर कुकरच्या भांड्यात पाणी न घालता फोडी ठेवून एक-दोन शिट्ट्या, मग गर पंचात अर्धा तास टांगा. गळालेलं पाणी टाकू नका, आमटीत घाला. घारग्यांसाठी किस तुपावर परतून त्याचं पाणी आटवा, मग गूळ, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक. मिश्रण सैल दिसलं म्हणून कणीक वाढवत गेलं की घारगे वातड होतात. खोट आटवण्यात असते.

एकाच्या जागी दुसरं वापरताना हे लक्षात ठेवा. पपई आणि अननसात प्रथिनं तोडणारी विकरं असतात, पपेन आणि ब्रोमेलेन. न शिजवलेला अननस किंवा पपई दुधात घालून ठेवली की थोड्या वेळाने कडवटपणा येतो, आणि जिलेटिनची जेली त्यांच्यासोबत घट्टच होत नाही. एकतर फळ उकळून घ्या, नाहीतर आगर-आगर वापरा. भोपळ्यात ही अडचण नाही, म्हणून खीर, केक, कुल्फी यांत तो बिनधास्त चालतो. केकमध्ये मॅश केलेल्या केळ्याऐवजी भोपळ्याची घट्ट प्युरी सम प्रमाणात घालता येते, पण गोडी निम्म्याहून कमी होईल. आंब्याच्या जागी घातली तर आंबटपणा जाईल, तो लिंबाने भरा.

या आंबटपणाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. अननस पुरेसा आंबट असतो, त्याचा सामू (pH; कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली राहतो. पिकलेल्या आंब्याचाही बहुतेक वेळा राहतो, पण फार पिकल्यावर तो त्याच्या वर जाऊ शकतो. भोपळा 5 ते 6 च्या आसपास, पपईही पाचच्या वर. 4.6 च्या वर बंद, हवाविरहित बाटलीत बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, आणि साध्या उकळत्या पाण्याने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. म्हणून आमरस घरी बाटलीत भरतो तशी भोपळ्याची प्युरी भरून फळीवर ठेवायची नाही. ती इतकी घट्ट असते की प्रेशर कॅनरमध्येही मधोमध उष्णता पोचल्याची खात्री देता येत नाही, आणि अमेरिकी कृषी खातंही घरगुती डबाबंदीसाठी फक्त फोडींचीच पद्धत देतं. प्युरी एक-एक वाटीच्या पिशव्यांत सपाट करून उणे 18 अंशांवर गोठवा. पपईचा जॅम करायचा तर लिंबूरस मोजून घाला, अंदाजाने नाही.

काही माणसांसाठी वेगळी काळजी. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मर्यादित असेल तर केळं बंद करून भोपळ्याची वाटी भरणं निरर्थक आहे. वरचे आकडे पाहा, दोन्ही सारखेच. भोपळा खायचाच तर लहान फोडी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्या, पोटॅशियम बरंच उतरतं. या रुग्णांनी अर्थातच ते पाणी आमटीत घालायचं नाही. अननस, पपई, आंबा यांत पोटॅशियम तुलनेने कमी, प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना केळं आणि पपई खाजवू शकतात. आंब्याचा चीक ओठांभोवती पुरळ उठवतो, म्हणून देठाकडचा चीक निथळून, धुऊन मगच चोखावा. बटरनट सोलताना सुटणारा चीकही हातावर वाळून कातडी ताणल्यासारखी होते; हातमोजे घाला किंवा साल भाजल्यावर काढा. लहान बाळाला सहा महिन्यांनंतर भोपळा किंवा पपई रोज दिल्याने तळवे पिवळे झाले आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल, तर ते कॅरोटीन आहे, कावीळ नाही. प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत जातं. डोळे पिवळे असतील तर मात्र लगेच दाखवा.

आणि कडू भोपळा. कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं कडू जंगली किंवा शोभेच्या जातींशी संकर झालेल्या बियांतून, कधी वेलावर ताण पडल्यामुळे, फळात येतात. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडतात, तेही याच गटामुळे. शिजवून ती जात नाहीत, गूळ घालून झाकली तरी राहतात. चिरल्यावर कच्च्या गराचा एक कण जिभेला लावून पाहा. स्पष्ट कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा भोपळा फेका. त्याच्या बिया पुढच्या वर्षी लावायला ठेवू नका.